एका गुहेतला आंधळा मांगूर: त्याचे डोळे, त्याचं अन्न आणि त्याला वाचवण्याचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा होता: नामिबियात एकाच गुहेत राहणारा एक आंधळा कॅटफिश आहे असं वाचलं. अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही म्हणून ते हळूहळू गेले, हे बरोबर आहे का? बंद गुहेत तो खातो काय? आणि इतके थोडेच उरले असतील, तर काही पकडून टाकीत पैदास का करत नाहीत?

हा मासा म्हणजे क्लॅरिअस कॅव्हर्निकोला. उत्तर नामिबियात ओटावी गावाजवळच्या डोंगरांत आयगामास नावाची गुहा आहे. तिच्या तळाशी एक तळं आहे, आणि या माशाची नोंद आजवर फक्त त्या तळ्यातूनच झाली आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या एथेलविन ट्रेवावस यांनी १९३६ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. नाव परकं वाटलं तरी घराणं ओळखीचं आहे. आपला मांगूरही क्लॅरिअसच. ‘थाई मांगूर’ म्हणून बदनाम झालेला, भारतात ज्याच्या पालनावर बंदी आहे तो मासासुद्धा क्लॅरिअस, आणि तो मूळचा थायलंडचा नसून आफ्रिकेचा आहे. तेव्हा डोळ्यांसमोर मांगूर आणा: लांबट अंग, चपटं डोकं, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, पाठीवर डोक्यामागून शेपटीपर्यंत गेलेला पर. आता त्याचा काळपट रंग काढून टाका, फिकट गुलाबीसर करा, लांबी फार तर १६ सेंटिमीटर ठेवा आणि डोळ्यांच्या जागी कातडीखाली दडलेले खुजे अवशेष ठेवा.

तळं किती मोठं? पाण्याचा उघडा पृष्ठभाग साधारण १८ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद. खोली मात्र तीस मीटरहून जास्त. म्हणजे तळ्यापेक्षा पाण्यानं भरलेली भेग म्हणणं जास्त बरोबर. माशांच्या संख्येचे अंदाज काही शेच्या पुढे जात नाहीत, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत हा मासा ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे.

पुढची तिन्ही उत्तरं ज्यावर उभी आहेत ती गोष्ट आधी सांगतो. ‘गुहेत राहणारा मासा’ या शब्दांमुळे आपण गुहेला त्याचं घर समजतो. ओटावीचे डोंगर डोलोमाइटचे, म्हणजे चुनखडीसारख्या खडकाचे आहेत. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि असा खडक भेगाभेगांतून विरघळवत जातं. लाखो वर्षांत आत पोकळ्यांचं जाळं तयार होतं आणि एका ठरावीक पातळीखाली ते सगळं पाण्यानं भरलेलं असतं. हेच भूजल. एखादी पोकळी इतकी मोठी असते की माणूस आत शिरू शकतो. तिला आपण गुहा म्हणतो. ती पोकळी भूजलाच्या पातळीपर्यंत उतरली की तळाशी ‘तळं’ दिसतं. म्हणजे गुहा ही फक्त खिडकी आहे. राहण्याची जागा तिच्यापलीकडे, खडकातल्या पाण्यात आहे. ‘काही शे मासे’ हा आकडाही या खिडकीतून दिसलेल्यांचा आहे. माणूस मावणार नाही पण मासा सहज मावेल अशा भेगांमध्ये जाऊन कुणी मोजणी केलेली नाही, करताही येणार नाही.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. जगात भूमिगत कॅटफिशच्या कितीतरी जाती अशा आहेत की ज्या गुहेत सापडल्याच नाहीत. अमेरिकेत टेक्सासमध्ये सॅन अँटोनियो शहराखालच्या एडवर्ड्स जलधरात, म्हणजे भूजल धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरात, दोन आंधळे कॅटफिश आहेत, ट्रोग्लोग्लॅनिस पॅटरसनी आणि सॅटन युरिस्टोमस. पहिल्याचं वर्णन १९१९ मधलं, दुसऱ्याचं १९४७ मधलं. दोघेही माणसाला दिसले ते सुमारे ३०० ते ५८० मीटर खोल गेलेल्या आर्टेशियन विहिरींतून पाण्याच्या जोरानं वर फेकले गेले म्हणून. त्यांच्या घरी कुणी गेलेलं नाही. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या माराजो बेटावर १९०५ साली वर्णन झालेला फ्रिएटोबियस सिस्टरनारम हा छोटा लाल कॅटफिश घरगुती विहिरींत सापडला. केरळात होराग्लॅनिस, तोही विहिरींत. त्याच्याकडे पुढे येतो. मेक्सिकोचा प्रिएटेला फ्रिएटोफिला १९५४ साली कोआविला राज्यातून वर्णन झाला आणि साठ वर्षं फक्त मेक्सिकोचा मानला गेला. मग २०१६ मध्ये तो रिओ ग्रांदे नदीपलीकडे, टेक्सासमध्ये डेल रिओ गावाजवळच्या अमिस्टाड परिसरातल्या एका गुहेत मिळाला. वर नदी आहे, दोन देशांची सरहद्द आहे. खालच्या चुनखडीतलं पाणी नदीखालून पलीकडे जात असावं ही शंका जुनीच होती, माशानं तिला बळ दिलं.

आता डोळे.

‘उपयोग नाही म्हणून गेले’ हे वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असणं जास्त त्रासदायक. डार्विननं १८५९ साली गुहेतल्या प्राण्यांच्या डोळ्यांबद्दल साधारण हेच म्हटलं होतं: न वापरल्यामुळे गेले. गंमत अशी की इतर सगळीकडे नैसर्गिक निवडीचा धागा धरणारा हा माणूस इथे मात्र लामार्कच्या वाटेनं गेला, म्हणजे वापरानं किंवा न वापरल्यानं झालेला बदल पुढच्या पिढीत उतरतो या वाटेनं. आज आपल्याला माहीत आहे की न वापरल्यानं अवयव झिजला तरी ती झीज पिल्लांत उतरत नाही. साधा मांगूर पूर्ण अंधाऱ्या टाकीत आयुष्यभर ठेवलात, तरी त्याची पिल्लं डोळे घेऊनच जन्मतील.

मग डोळे जातात कसे? इथे एक कबुली द्यायला हवी: याबद्दलचं बहुतेक पक्कं ज्ञान कॅटफिशवरून आलेलं नाही. ते आलंय मेक्सिकोच्या ॲस्टियानॅक्स मेक्सिकेनस या छोट्या माशावरून. त्याचे नदीतले भाऊबंद डोळस आहेत, गुहांमधले आंधळे आहेत, आणि दोघांचा संकर होतो, पिल्लं होतात. त्यामुळे प्रयोगशाळेत तो सोन्यासारखा. कॅव्हर्निकोलाच्या बाबतीत असं काही करणं अशक्य आहे, म्हणून ॲस्टियानॅक्सवरून अंदाज बांधावा लागतो. तो अंदाजच आहे, हे विसरू नये.

ॲस्टियानॅक्समध्ये दिसतं ते असं. गुहेतल्या माशाच्या गर्भात डोळा घडायला लागतो. भिंग तयार होतं, दृष्टिपटलाची सुरुवात होते. मग दिवसाभरातच भिंगातल्या पेशी ठरवून मरायला लागतात आणि मागोमाग उरलेला डोळा खुंटतो, आत ओढला जातो, वर कातडी येते. २००० साली योशियुकी यामामोटो आणि विल्यम जेफ्री यांनी डोळस माशाच्या गर्भातलं भिंग काढून आंधळ्या माशाच्या गर्भात बसवलं, तर त्या बाजूला मोठा, बाहेरून दिसणारा डोळा वाढला. म्हणजे डोळा बनवण्याचा बाकीचा सगळा सरंजाम त्या आंधळ्या माशात शाबूत होता. भिंगाकडून येणारा निरोप तेवढा तुटला होता. आणखी एक निकाल मला त्याहून आवडतो. २००८ मध्ये रिचर्ड बोरोव्स्की यांनी दोन वेगवेगळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला, तर काही पिल्लांना चक्क दिसत होतं. आईवडील दोघंही आंधळे, पण दोघांची बिघडलेली जनुकं वेगळी. एकाची उणीव दुसऱ्यानं भरून काढली. याचा अर्थ प्रत्येक गुहेत डोळे जाण्याची गोष्ट नव्यानं घडली, आणि दर वेळी वेगळ्या वाटेनं.

ही वाट लागते कशामुळे, यावर मुख्य तीन म्हणणी आहेत. पहिलं: उजेडात डोळा बिघडवणारं उत्परिवर्तन (जनुकातला बदल) घेऊन आलेला मासा मरतो, पण अंधारात ते कुणाला कळतही नाही. चाळण काढून घेतली की कचरा साचतो, तशी बिघडलेली जनुकं साचत जातात. दुसरं: डोळा महाग अवयव आहे. २०१५ मधल्या एका मोजणीत, एक ग्रॅम वजनाच्या ॲस्टियानॅक्सला डोळे आणि मेंदूतला पाहण्याचा भाग चालवायला विश्रांतीच्या वेळच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे १५ टक्के खर्चावे लागतात असं निघालं. मासा साडेआठ ग्रॅमचा झाला की हा वाटा ५ टक्क्यांवर येतो. जिथे महिनोन्महिने पोट भरत नाही तिथे हा खर्च वाचवणारा टिकेल, हे उघड आहे. तिसरं: गर्भात जो संदेश जबडा आणि रुचिकलिका (चव ओळखणारे सूक्ष्म अवयव) वाढवतो, तोच भिंग मारतो. मोठं तोंड आणि जास्त चव हवी म्हणून निवड झाली आणि डोळे त्या सौद्यात गेले.

माझ्या मते तिन्ही एकाच वेळी खरी असू शकतात आणि प्रत्येक जातीत त्यांचं प्रमाण वेगळं असतं. ब्राझीलमधल्या गुहेतला पिमेलोडेला क्रोनेई हा कॅटफिश घ्या. तो १९०७ सालापासून माहीत आहे. त्याच्या एकाच जातीतल्या माशांत काहींचे डोळे जवळजवळ नाहीत, काहींचे लहान आहेत. त्याच देशातल्या अँसिस्ट्रस क्रिप्टॉफ्थॅल्मसचंही तसंच. हा दगडाला तोंड चिकटवून राहणाऱ्या, टाकीची काच साफ करतात म्हणून शौकीन पाळतात त्या माशांचा भूमिगत नातेवाईक. निवडीचा जोर फार असता तर डोळे सरसकट गेले असते. इतका फरक टिकून आहे याचा अर्थ तिथे पहिलं कारण जास्त काम करतंय, किंवा मासे गुहेत येऊन अजून फार काळ झालेला नाही.

पण तुमच्या प्रश्नात न आलेला एक मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कॅटफिशचे डोळे गेले म्हणून त्यांचं फार बिघडलंच नाही. कुठल्याही मांगूरला पाण्यात अन्न शोधताना पाहिलंत तर कळेल की तो डोळ्यांवर विसंबून नसतोच. गढूळ पाणी, रात्रीची वेळ, चिखलाचा तळ यातच या माशांचा उभा जन्म जातो. त्यांच्या अंगाला खवले नसतात आणि रुचिकलिका केवळ तोंडात नसून मिशांवर आणि सगळ्या कातडीवर पसरलेल्या असतात. काही अमेरिकन कॅटफिशांत त्यांची संख्या लाखाच्या वर जाते. वाताशय (पोटातली हवेची पिशवी) आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असल्यामुळे ऐकू चांगलं येतं. कातडीत सूक्ष्म विद्युतग्राही खड्डे असतात. चिखलात दडलेल्या किड्याच्या स्नायूंतून निघणारा क्षीण विद्युतप्रवाहही त्यांना जाणवतो. अशा माशाला पुरात वाहून एखाद्या भेगेत टाका, तो लगेच मरणार नाही. जगातल्या अडीचशेहून अधिक भूमिगत मत्स्यजातींत कॅटफिशच्या इतक्या वेगवेगळ्या कुळांचे प्रतिनिधी आहेत, त्यामागचं मोठं कारण हेच. गुहेनं त्यांना अंधारात जगायला शिकवलं नाही. ते शिकूनच आत गेले होते.

रंगाचं थोडक्यात. रंगद्रव्य गेलं की मासा पांढरा होतो असं नाही. लहान आणि पातळ मासा लाल दिसतो, कारण कातडीतून रक्त दिसतं. होराग्लॅनिस आणि फ्रिएटोबियस दोन्ही असे लालभडक आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी जवळचा संबंध नाही.

खाण्याचा प्रश्न सोपा वाटतो, तसा नाही. अंधारात वनस्पती नाहीत, शेवाळ नाही. अन्नसाखळीची पहिली कडीच गायब. म्हणून अन्न बाहेरून यावं लागतं. आयगामासमध्ये ते मुख्यतः वरून पडतं: वटवाघळांची विष्ठा, पाण्यात पडलेले कीटक, बाहेरून येऊन पडलेला सेंद्रिय गाळ. क्वचित एखादं मेलेलं वटवाघूळ. म्हणजे या माशाचं पोट रात्री बाहेर उडून किडे खाणाऱ्या वटवाघळांवर अवलंबून आहे. गुहेत माणसांची वर्दळ वाढली, वटवाघळं निघून गेली, तर तळ्याला हात न लावताही माशांची उपासमार होईल. गुहा ‘सुरक्षित’ करायची म्हणून तोंडावर दाट जाळी बसवणं हा त्यातला सगळ्यात वाईट उपाय. जगात इतर ठिकाणी हे घडलं आहे. जाळी बसवायचीच तर आडव्या गजांची, वटवाघळांना पंख पसरून सहज जाता येईल एवढं अंतर ठेवून.

आता दुसरी बाजू. सॅन अँटोनियोखाली पाचशे मीटरवर वटवाघळं नाहीत. तिथे दोन आंधळे कॅटफिश कशावर जगतात? एडवर्ड्स जलधरात गोडं पाणी आणि गंधकयुक्त खारट पाणी जिथे एकमेकांना भिडतं, त्या पट्ट्यात असे जिवाणू आहेत जे सूर्यप्रकाशाशिवाय रासायनिक क्रियांतून ऊर्जा मिळवतात. त्यांच्यावर बारीक कवचधारी प्राणी जगतात, असं अभ्यासातून दिसलं आहे. या दोन माशांनी ताट कसं वाटून घेतलंय ते बघण्यासारखं आहे. सॅटनचं तोंड रुंद, दात असलेलं. तो शिकारी आहे. ट्रोग्लोग्लॅनिसला दातच नाहीत, जबडा नाजूक, तोंड खाली वळलेलं. तो दगडावरचा जिवाणूंचा आणि बुरशीचा थर खरवडून खात असावा. एकाच अंधारात, एकाच पाण्यात, एकाच कुळातले दोन मासे, आणि त्यांच्या तोंडांत एवढा फरक. ‘गुहेत सगळे प्राणी सारखेच होतात’ असं वाचलंत तर हे दोघे आठवा.

अन्न कमी असलं की सगळं आयुष्य संथ होतं. भूमिगत माशांत चयापचय मंद असतो, अंडी थोडी पण मोठी असतात, वाढ सावकाश होते, आयुष्य लांब असतं. नदीतला मांगूर एका पावसाळ्यात हजारो अंडी घालून एका वर्षाचं नुकसान पुढच्या वर्षी भरून काढतो. अशा संथ माशाला ती चैन नाही.

यावरून तिसरा प्रश्न: पकडून पैदास का करत नाहीत?

प्रयत्न झाले आहेत. कॅव्हर्निकोला टाकीत जगतो, पण त्याची पैदास करण्याचे प्रयत्न यशस्वी झालेले नाहीत. मत्स्यबीज केंद्रात मांगूर कसा वाढवतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली अडचण लगेच कळेल. मांगूर कुळातल्या माशांना अंडी घालायला पावसाळ्याची चाहूल लागते: पाण्याची चढती पातळी, ताज्या पाण्याचा लोंढा, तापमानातला बदल. बंदिस्त टाकीत हे नसतं, म्हणून मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन देतात आणि काही तासांनी पोट हलकेच दाबून अंडी काढतात. नराचं तसं जमत नाही. या माशाच्या नराचं वीर्य दाबून नीट निघत नाही, म्हणून नेहमीच्या पद्धतीत नर मारून त्याचे वृषण काढतात, कुस्करतात आणि अंड्यांवर टाकतात. बाजारासाठी लाखो मासे वाढवणाऱ्या केंद्रात एका नराचं काही वाटत नाही. पण ज्या जातीचे एकूण मासे काही शे आहेत, त्यातला प्रौढ नर कोणता हे बाहेरून खात्रीनं सांगणंही सोपं नाही, तिथे ही पद्धत कोण वापरेल? शस्त्रक्रियेनं वृषणाचा तुकडा काढून मासा जिवंत ठेवता येतो, पण तेही आधी सामान्य मांगूरवर हात बसवून मग. आणि अंधारातल्या स्थिर पाण्यात या माशाला प्रजननाची वेळ झाल्याचं कशावरून कळतं, हे कळल्याशिवाय इंजेक्शनची मात्रा आणि वेळ ही अंधारात मारलेली उडी आहे.

तरीही टाकीतला साठा नकोच असं मी म्हणत नाही. मेक्सिकन आंधळ्या कॅटफिशचे टेक्सासमध्ये सापडलेले मासे सॅन अँटोनियोच्या प्राणिसंग्रहालयात ठेवले गेले, ते योग्यच झालं. विहीर आटली, प्रदूषण झालं, तर काहीतरी हाताशी असावं. पण याला विमा म्हणावं, संवर्धन म्हणू नये. काही मोजक्या माशांपासून वाढवलेला वंश दोन-चार पिढ्यांत टाकीला सरावतो: भरपूर खाणारे, लवकर वाढणारे, उजेडाला न बुजणारे मासे आपोआप निवडले जातात. म्हणजे ज्या गुणांसाठी तो वाचवायचा, तेच गुण आपण घालवतो. आणि परत सोडायचा तर कुठे? जागा शिल्लक हवी ना.

जागा म्हणजे पाणी, हे वर सांगितलंच. आयगामासच्या तळ्याची पातळी घसरत आली आहे आणि त्यामागे भूजलाचा उपसा हे मोठं कारण मानलं जातं. नामिबिया हा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा सगळ्यात कोरडा देश. ओटावी, त्सुमेब आणि ग्रूटफोंटेन या तीन गावांमधला डोलोमाइटचा पट्टा म्हणजे त्या देशातलं मोलाचं भूजल. शेती त्यावर, खाणी त्यातून पाणी उपसत आल्या, आणि १९८० च्या दशकात ग्रूटफोंटेनपासून ओमाटाकोपर्यंत सुमारे २०० किलोमीटरचा कालवा बांधला गेला तो याच पट्ट्यातलं पाणी गरजेला दक्षिणेकडे, राजधानी विंडहुककडे नेता यावं म्हणून. माणसांना पाणी लागतं, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण पुनर्भरण दर वर्षी सारखं होत नाही. मोजके दमदार पावसाळेच खडकात खोलवर पाणी भरतात, आणि उपसा मात्र बारमाही असतो.

पातळी दोन-चार मीटर खाली गेली तर तीस मीटर खोल तळ्याला काय फरक पडतो, असं वाटेल. फरक खोलीत पडत नाही, पृष्ठभागात पडतो. भेगेसारख्या तळ्याच्या भिंती उभ्या सरळ नसतात. पाणी खाली गेलं की उघडा पृष्ठभाग अरुंद होऊ शकतो, आणि वटवाघळं जिथे लटकतात त्याच्या बरोबर खालून सरकू शकतो. मग विष्ठा कोरड्या दगडावर पडत राहते आणि मासे खाली उपाशी. म्हणून या माशासाठी कुणी मला एकच गोष्ट करायला सांगितली तर मी टाकी मागणार नाही. तळ्यात पातळी नोंदवणारं एक यंत्र मागेन, आणि त्या नोंदी आसपासच्या बोअरच्या उपशाशी जोडून बघायची परवानगी. मासे मोजणं कठीण आणि त्यांना त्रासदायक आहे, पाण्याची पातळी मोजणं दोन्ही नाही.

आता केरळ, कारण हा विषय वाचून बहुतेकांना ‘आपल्याकडे असे मासे आहेत का’ असा प्रश्न पडतोच. आहेत, आणि ते मांगूरच्याच कुळात गणले जातात. होराग्लॅनिस कृष्णाई या माशाचं वर्णन १९५० साली मेनन यांनी कोट्टयममधल्या विहिरीत सापडलेल्या माशांवरून केलं. नावातला ‘होरा’ म्हणजे भारतीय मत्स्यशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, सुंदरलाल होरा. हे मासे जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे, लाल, डोळे अजिबात नसलेले. ते राहतात जांभ्याच्या थरातल्या पाण्यात. कोकणात घरं बांधतात तोच जांभा. सच्छिद्र, पाणी धरून ठेवणारा. तिथे माणूस शिरेल अशी गुहा लागतच नाही. विहीर खणली की पाण्यासोबत कधीतरी मासा येतो, नळातून बादलीत पडतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी सहा वर्षं गावोगावच्या लोकांना सोबत घेतलं: विहीर साफ करताना, टाकी धुताना असा मासा दिसला तर कळवा. त्यातून होराग्लॅनिसच्या ४७ नव्या ठिकाणांच्या नोंदी आणि ६५ नवे जनुकीय क्रम मिळाले, आणि एक नवी जातही, जिला लोकांच्या सन्मानार्थ होराग्लॅनिस पॉप्युलाई हे नाव दिलं. मला यातला सगळ्यात बोलका निष्कर्ष असा वाटतो: बाहेरून हुबेहूब दिसणारे हे मासे जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून खूप दूर आहेत. जांभ्याचे थर सलग नसतात, मधल्या दऱ्या आणि नद्या त्यांचे तुकडे करतात. रिओ ग्रांदेखाली नेमकं उलटं, नदीखालूनही सलग असलेल्या पाण्याचं चित्र दिसतं. त्यामुळे केरळात एका तालुक्यातले मासे टिकले म्हणून शेजारच्या तालुक्यातले गेले तरी चालतील, असं म्हणता येत नाही.

अशा भागात विहिरीतून लाल, गांडुळासारखा दिसणारा पण मिशा असलेला मासा आला, तर काय करायचं ते सांगतो. त्याच विहिरीच्या पाण्यात ठेवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्याला काही मिनिटांत मारू शकतं. भांडं झाका, उजेड आणि ऊन टाळा. शेजारी मोजपट्टी ठेवून वरून आणि बाजूनं फोटो काढा, विहिरीची खोली आणि तारीख लिहून ठेवा, आणि शक्य तितक्या लवकर परत सोडा. मेलेला असेल तर फेकू नका आणि फॉर्मलिनमध्येही घालू नका, त्यात डीएनए खराब होतो. ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवून जवळच्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा. केरळात कोचीचं मत्स्य आणि महासागर अभ्यास विद्यापीठ यावर काम करतं. विहिरीत सरसकट ब्लीचिंग पावडर ओतणं आणि डासांसाठी गप्पी मासे सोडणं, ही दोन कामं अशा विहिरीत करण्याआधी विचारा. आणि ‘दुर्मिळ मासा’ म्हणून टाकीत ठेवू नका. तो तिथे लपायला भेग शोधत भिंतीला नाक घासत राहतो.

पाळण्याबद्दल आणखी एक. मत्स्यालयांच्या दुकानात ‘ब्लाइंड केव्ह’ म्हणून विकला जातो तो गुलाबी मासा कॅटफिश नाही. तो वर ज्याचा उल्लेख आला तो ॲस्टियानॅक्स, मेक्सिकोतल्या एका गुहेतून आणलेल्या माशांचा वंशज. त्याचं शास्त्रीय वर्णनही १९३६ सालचंच, म्हणजे कॅव्हर्निकोलाचं झालं त्याच वर्षीचं. त्यानं टाकीत सहज अंडी घातली आणि तो जगभर पोचला. त्याला विकत घेतल्यानं कुठल्याही गुहेचं नुकसान होत नाही. बिनडोळ्यांचा मासा कसा वावरतो हे बघायचं असेल तर तो घ्या, टाकीतल्या दगडांची मांडणी एक दिवस बदला आणि त्याचा वेग बघा. अनोळखी जागेत तो जोरात पोहतो, कारण पोहताना अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा दाब अडथळ्याजवळ बदलतो आणि वेग जितका जास्त तितका हा फरक त्याच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला (पाण्याची हालचाल ओळखणाऱ्या संवेदी रेषेला) स्पष्ट कळतो. मांडणी पाठ झाली की तो पुन्हा सावकाश फिरायला लागतो.